सात खाती, एक वही आणि वरचे ‘चिनी’: त्यांची रीत कोणाला माहीत आहे का?

पऱ्हाटी_आर्णी

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या एका गावची पोलीस पाटील आहे. नऊ वर्षं झाली. घरी पाच एकर वावर आहे, पऱ्हाटी आणि तूर. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते लोक रोज माझ्या अंगणापुढून जातात.

सोयाबीन निघालं त्या आठवड्यातली गोष्ट. आमच्याकडची एक म्हातारी निराधारचे पैसे काढायला बँकेत गेली. तिला सांगितलं, खात्याला होल्ड लागला आहे. एका दुपारी तिच्या खात्यात ४ लाख ८० हजार रुपये आले आणि वीस मिनिटांत पाच वेगळ्या खात्यांत निघून गेले होते. म्हातारीला यातलं काहीच ठाऊक नाही. बँकेच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, "बापा, माहे पैसे कोनं नेले?" चार दिवसांनी तेलंगणाचे दोन पोलीस आमच्या ठाण्याच्या शिपायाला घेऊन गावात आले. तिकडच्या एका निवृत्त मास्तरांना व्हिडिओ कॉलवर ‘तुम्हाला अटक झाली आहे, कॅमेऱ्यापुढून हलायचं नाही’ असं सांगून तीन दिवस घरातच बसवून ठेवलं होतं आणि त्यांची सगळी पुंजी काढून घेतली होती. त्यातला एक तुकडा आमच्या म्हातारीच्या खात्यातून गेला.

शोध घेतला तर गावातली सात खाती निघाली. सातही एकाच पोट्ट्यानं गोळा केलेली. बावीस वर्षांचा आहे, आयटीआय झालेला, काम नाही. पासबुक, एटीएम आणि सिम असा संच तालुक्याच्या एका माणसाला नेऊन द्यायचा. संचामागे पाच हजार, त्यातले दोन खातेदाराला. म्हातारीला ‘योजनेचे पैसे येतील’ म्हणून अंगठा घेतला.

त्याची वही मी पाहिली. शंभर पानी, शाळेतली. मागच्या पानांवर पट्टीनं रकाने आखलेले: नाव, बँक, सिमचा नंबर, किती दिले, कोणत्या तारखेला. अक्षर मोत्यासारखं. ते पाहून मला आत काहीतरी तुटल्यासारखं झालं. मी विचारलं, वरचा माणूस कोण? तर म्हणाला, "काकू, त्याचं नाव मी घेत नाही. ताईच्या लग्नात त्यानं वीस हजार आहेर केला, मांडवात, सगळ्यांसमोर. आता त्याचं नाव घेऊन मी कोनत्या तोंडानं फिरू?"

गावातली मोठी माणसं म्हणतात, पाटीलबाई, मिटवून घ्या, गावाचं नाव जाईल, पोरींची लग्नं जमणार नाहीत. सायबरचे एक अधिकारी मला म्हणाले, "बाई, खालची पोरं सापडतात. वरचे चिनी आहेत, म्यानमारमध्ये बसून चालवतात. त्यांचं सगळं नात्यावर, गावावर, इज्जतीवर चालते. बाहेरच्याला आत शिरताच येत नाही."

घरी येताना एसटीत मी तेच घोळवत होते. नातं, गाव, इज्जत. हे तर आमच्या गावाचं वर्णन झालं.

म्हणून विचारते. चिनी समाजाच्या रीतीभातींचा या टोळ्यांशी खरंच काही संबंध आहे का? आणि त्यांचे स्वतःचे पोलीस मग आत कसे शिरतात? कोणी तिकडे राहून आलं असेल, पोलिसात असेल, तर सविस्तर लिहा. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

डॉक्टर_पुसदकडचा

पाटीलताई, मी २०१३ ते २०१९ खुनमिंगला होतो, एमबीबीएससाठी. युन्नान प्रांताची राजधानी. त्या प्रांताची सीमा म्यानमारला लागून आहे. आता पुसदजवळच्या खेड्यात दवाखाना आहे. चिनी बोलता येतं, वाचताही बऱ्यापैकी येतं, म्हणून लिहितो.

आधी त्या वीस हजारांच्या आहेराबद्दल. चिनीत याला ‘रेनछिंग’ म्हणतात, माणुसकीचं देणं. लग्न, मयत, बाळाचा महिना, नवं घर, प्रत्येक प्रसंगाला पाकीट. घरोघरी वहीत नोंद असते आणि पुढच्या प्रसंगी थोडं वाढवून परत करायचं असतं. आपली आहेराची वहीच. अशा देण्याघेण्यातून माणसांची जी साखळी बांधली जाते ती ‘ग्वान्शी’. आणि चारचौघांत जे राखायचं ते ‘म्येनत्झ’, म्हणजे तोंड. तुमच्या पोराचं ‘कोनत्या तोंडानं फिरू’ हे वाक्य युन्नानच्या खेड्यातला पोरगा जसंच्या तसं बोलेल.

यात वाईट काही नाही, हे आधी सांगतो. दुसऱ्या वर्षी मला रात्री दोन वाजता अपेंडिक्सचा त्रास झाला. घरमालकिणीनं तिच्या मावसभावाच्या ओळखीनं पाऊण तासात मला ऑपरेशन टेबलवर पोहोचवलं आणि माझे आईवडील इकडून फोन लावत होते तोवर ती बाहेर बाकावर बसून होती. तीसुद्धा ग्वान्शीच. मी आजही तिला नव्या वर्षाला फोन करतो.

टोळी करते काय, तर हीच वाट वापरते. म्होरक्या पोलीस अधिकाऱ्याकडे लाच घेऊन जात नाही. तो त्याच्या आईच्या आजारपणात गाडी पाठवतो, पोराच्या शाळेचं पाहतो, सणाला पाकीट देतो. दोन वर्षं काहीच मागत नाही. मग एक दिवस फोन येतो: माझ्या एका भावाला तुमच्या लोकांनी उचललं आहे. त्या क्षणी नाही म्हटलं तर कायदा पाळला असं होत नाही, दोन वर्षांचं देणं बुडवलं असं होतं. अशा आश्रय देणाऱ्यांसाठी चिनीत शब्द आहे ‘पाओहूसान’, संरक्षक छत्री. तिथल्या मोठ्या तपासांत गुंडांइतकाच छत्रीचा शोध घ्यावा लागतो.

मी इंटर्नशिप करत होतो त्या वर्षी, २०१९ ला, खुनमिंगमध्येच याचं प्रकरण उघडं पडलं. सुन श्याओग्वो नावाच्या माणसाला बलात्कार आणि इतर गुन्ह्यांसाठी १९९८ मध्ये फाशी सुनावली होती. वीस वर्षांनी तोच माणूस शहरात नाइट क्लब चालवत होता, वेगळ्या नावानं. त्याची आई पोलीस खात्यात, सावत्र बापही त्याच खात्यातला. त्यांनी एकेक ओळख वापरत फाशीची शिक्षा कमी करवली, मग पुन्हा कमी करवली. तुरुंगात असताना त्याच्या नावावर गटाराच्या झाकणाचं पेटंटसुद्धा काढलं, कारण शोध लावला की शिक्षेत सूट मिळते. २०१० ला तो सुटला. २०१८ च्या एका मारहाणीत पुन्हा पकडला गेला आणि पुढच्या वर्षी सगळं धाग्याला धागा लागून बाहेर आलं. न्यायाधीश, तुरुंग अधिकारी, पोलीस आणि आईबाप धरून १९ जणांना शिक्षा झाल्या. त्याला फेब्रुवारी २०२० मध्ये फाशी दिली. आमच्या हॉस्पिटलच्या नर्सेस जेवताना याबद्दल फार हळू आवाजात बोलायच्या.

पण ताई, तुमच्यासाठी खरं वाचण्यासारखं उदाहरण बोशे गावाचं आहे. ग्वांगडोंग प्रांतात, लूफंगजवळ, समुद्रकाठी. लोकसंख्या १४ हजार आणि जवळजवळ सगळ्यांचं आडनाव एकच, त्साय. एकच भावकी, एकच पूर्वजांचं देऊळ. तिथं बर्फ म्हणतात ते मेथ, म्हणजे एक अमली द्रव्य, बनायचं. पाचातल्या एका घराहून जास्त घरं त्यात होती. ज्या वनस्पतीपासून माल काढायचे तिच्या चोथ्याचे ढीग रस्त्याकडेला उघड पडलेले असत. पोलीस आले की मोटारसायकलींचा घोळका रस्ता अडवायचा, खिळे ठोकलेल्या फळ्या टाकायचे. आणि पोलीस निघण्याआधीच गावाला कळलेलं असायचं, कारण गावाचा पक्षसचिव त्साय दोंगज्या स्वतःच छत्री होता. पकडलेल्या भाऊबंदांना सोडवून आणणं हे त्याचं गावातलं मोठेपण होतं.

शेवटी २९ डिसेंबर २०१३ च्या पहाटे तीन हजारांवर पोलीस एकदम उतरले. हेलिकॉप्टर, समुद्रातून स्पीडबोटी. ७७ अड्डे फोडले, जवळजवळ तीन टन माल सापडला, १८२ लोक पकडले. त्या सचिवाला जानेवारी २०१९ मध्ये फाशी झाली. इथं तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे: शिरले कसे, तर ज्यांचं त्या भावकीशी काही देणंघेणं नाही अशी माणसं बाहेरून आणून. २०१८ ते २०२० च्या टोळ्यांविरुद्धच्या देशभरच्या मोहिमेतही हीच पद्धत ठेवली. एका जिल्ह्याची केस दुसऱ्या जिल्ह्याचे पोलीस चालवणार, आरोपी तिसरीकडच्या कोठडीत. त्या तीन वर्षांत ३,६४४ माफिया धाटणीच्या टोळ्या मोडल्याचं सरकारनं जाहीर केलं, आणि त्यातला मोठा भर खेड्यांतल्या दादांवर आणि दांडगाई करणाऱ्या घराण्यांवर होता.

एक शेवटचं. जे लोक आपलं बँक खातं विकतात त्यांना चिनीत ‘खा-नोंग’ म्हणतात. खा म्हणजे कार्ड, नोंग म्हणजे शेतकरी. कार्डाचा कास्तकार. २०२० च्या ऑक्टोबरपासून त्यांच्याविरुद्ध वेगळी मोहीम सुरू झाली. विद्यार्थी, मजूर, खेड्यातले म्हातारे, सगळे त्यात सापडले. तुमच्या म्हातारीसारखेच.

हवालदारकाका

पाटीलताई, तीस वर्षं महाराष्ट्र पोलिसात काढली, अमरावती आणि यवतमाळ ग्रामीणला. डॉक्टरांनी लिहिलं ते माहितीचं आहे, पण मला एक भीती वाटते. ‘त्यांची संस्कृतीच तशी’ म्हटलं की तपास करणाराचं काम संपते. आमच्या काळात काही जमातींबद्दल ठाण्यात असंच बोललं जायचं. चोरी झाली की त्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, गाडी न्यायची, चार माणसं उचलायची, झाला तपास. खरा चोर भलताच निघायचा. जातीनं गुन्हा सांगता येत नाही, देशानंही येत नाही.

तुमच्या गावातलं मौन चिनी आहे का? पाचशे उंबऱ्यांच्या गावात जिथं साक्षीदार, फिर्यादी आणि आरोपी एकाच पंगतीत जेवतात तिथं मौन असणारच. अवैध दारूच्या केसमध्ये मी पंच शोधायला निघालो की गाव वावरात निघून जायचं.

बाहेरचे पोलीस आणणं हे बरोबर. आमच्याकडेही ठाणेदाराची बदली ठरावीक वर्षांनी होते त्याचं कारण हेच. पण बाहेरच्याला गाव कळत नाही, तेही खरं. त्याला कोणीतरी आतलं लागते. कायद्यानं ते आतलं माणूस म्हणजे पोलीस पाटील.

आणि एक कबूल करतो. आरोपी फरार असला की आम्ही त्याच्या बापाला आणून ठाण्यात बसवायचो. अटक नाही, नोंद नाही, नुसतं बसवायचं. पोरगा लाजेकाजे संध्याकाळपर्यंत हजर व्हायचा. म्हणजे इज्जतीचा वापर आम्हीही केला. एकदा एक बाप दिवसभर बाकावर बसला, पाणी दिलं तरी प्याला नाही, आणि घरी जाऊन त्यानं अंथरूण धरलं. मला अजून त्याचा चेहरा दिसतो. तुमच्या पोट्ट्याच्या मायबापाला कोणी असं बसवत असेल तर बसू देऊ नका.

डॉक्टर_पुसदकडचा

काका, तुम्ही लिहिलं ते वाचून थांबलो. तुमची हरकत मला मान्य आहे. संस्कृतीवर ढकलू नये, कारण या टोळ्यांनी सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त चिनी माणसांनाच लुटलं. फोनवर पोलीस, सरकारी वकील, कोर्ट असल्याचं सोंग करून माणसाला घाबरवायचा हा प्रकार तैवान आणि चीनमध्ये फार आधीपासून चालू होता. वर्दी पाहिली की मान खाली घालायची सवय आणि घरच्यांना कळलं तर काय म्हणतील ही लाज, दोन्हीवर तो उभा आहे. आपल्या तेलंगणाच्या मास्तरांवर चालला तो त्याचाच हिंदी अवतार.

बाप बसवण्याबद्दल. तिकडे ते सरकारी पातळीवर झालं. म्यानमारला गेलेल्या पोरांनी परत यावं म्हणून काही ठिकाणच्या प्रशासनानं त्यांच्या घरच्यांच्या सवलती थांबवल्या, मुलांच्या शाळाप्रवेशावर, नातेवाइकांच्या नोकरीवर बंधनं घातली. एकानं केलं, घराण्यानं भोगायचं. साम्राज्याच्या काळातली ती शिक्षेची रीत. लोकांनी तक्रारी केल्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्यांच्या संसदेच्या कायदेविषयक समितीनंच अशा नोटिसा कायद्याच्या मूळ तत्त्वाविरुद्ध आहेत, मागे घ्या, असं सांगितलं.

मोहिमांचा दुसरा धोकाही लिहायला हवा होता. छोंगछिंग शहरात २००९ पासून गुंडांविरुद्ध मोठी मोहीम झाली. पोलिसांचा माजी उपप्रमुख वेन छ्यांग छत्री निघाला, त्याला २०१० मध्ये फाशी दिली. लोकांनी फटाके फोडले. पुढे कळलं की त्याच मोहिमेत मारहाण करून कबुलीजबाब घेतले गेले आणि आरोपीच्या वकिलालाच तुरुंगात टाकलं. मोहीम चालवणारा बो शीलाय २०१३ मध्ये स्वतः जन्मठेपेवर गेला.

पऱ्हाटी_आर्णी

काका, डॉक्टर साहेब, दोघांचे उपकार. काका, तुमचं ते बाकावरच्या बापाचं वाचून रात्री झोप लागली नाही.

एक गोष्ट अजून कळत नाही. आमचा पोट्टा आणि तालुक्याचा माणूस एकमेकांना ओळखतात, आहेरबिहेर आहे. पण तालुक्याचा माणूस तर कधी चीनला गेला नाही, त्याला भाषा येत नाही. मग मधे विश्वास कोण ठेवते? ४ लाख ८० हजार त्यानं मधेच खाल्ले तर?

खामगावचा_व्यापारी

ताई, याचं उत्तर मी देऊ शकतो. पंधरा वर्षांपासून चीनमधल्या यिवू आणि ग्वांगचौहून माल आणतो, स्प्रे पंपाचे सुटे भाग, बॅटऱ्या. तुमच्या भागात फवारणीला जे पंप वापरतात त्यांचे नोझल बहुधा तिकडूनच आलेले.

तिकडे अनोळखी माणसाशी कोणी व्यवहार करत नाही. मधे एक जामीन लागतो, ज्याचं तोंड दोन्हीकडे चालते. माझी पहिली ऑर्डर सहा महिने अडली होती. ज्या दिवशी एका जुन्या गुजराती व्यापाऱ्यानं मला जेवायला नेऊन फॅक्टरीवाल्यापुढे ‘हा माझा माणूस’ म्हटलं, त्या दिवशी उधारीवर माल सुटला. मी बुडवलं असतं तर तोंड त्याचं गेलं असतं.

टोळ्यांनी हीच जामीनकी मोबाइलवर आणली. टेलिग्रामवर ‘हमी बाजार’ उभे राहिले. सगळ्यात मोठा कंबोडियातल्या हुईओन नावाच्या समूहाचा. खाती पुरवणारा तिथं आधी अनामत ठेवतो, टेथर या डिजिटल नाण्यात. पैसे मधेच खाल्ले तर अनामतीतून वळते होतात आणि त्याचं नाव बाजारात काळं होतं. म्हणजे तुमच्या तालुक्याच्या माणसाच्या वर जो बसला आहे त्याची अनामत कुठंतरी पडून असणार. अमेरिकेच्या अर्थखात्यानं मे २०२५ मध्ये सांगितलं की या समूहातून ऑगस्ट २०२१ ते जानेवारी २०२५ दरम्यान किमान ४०० कोटी डॉलरचा काळा पैसा फिरला. त्याच महिन्यात टेलिग्रामनं ते बाजार बंद केले, पण मागणी राहिली की दुकान दुसरीकडे लागते.

पैसा सीमेपलीकडे जातो तोही जुन्याच वाटेनं. तांग राजांच्या काळात चहाचे व्यापारी राजधानीत नाणी जमा करून चिठ्ठी घ्यायचे आणि आपल्या प्रांतात जाऊन ती वटवायचे. तिला म्हणत ‘फेइछ्येन’, उडता पैसा. आपली हुंडी. इकडं रुपये घेतले, तिकडं युआन दिले, मधून काहीच गेलं नाही. तपास करणाऱ्या बँक अधिकाऱ्याला दोन वेगळ्या देशांतली दोन साधी देणीघेणी दिसतात.

हाँगकाँगबद्दलही लिहितो, कारण लोक ‘चिनी टोळी’ म्हटलं की शपथा आणि गोंदणंच डोळ्यापुढं आणतात. तिथल्या ट्रायड टोळ्यांचं मूळ फूच्येन प्रांतातल्या अठराव्या शतकातल्या ‘स्वर्ग-पृथ्वी’ मंडळींमध्ये आहे. घरदार सोडून दूर आलेल्या माणसांनी अडीअडचणीला, मयतीला एकमेकांना धरून राहण्यासाठी केलेला भाऊबंदपणा. ३६ शपथा, उदबत्ती, आणि पुढे ग्वान यूची मूर्ती, लाल तोंडाचा लांब दाढीचा वीर, शब्दाला जागणारा. मी ज्या हॉटेलात उतरतो त्याच्या गल्ल्यामागेही तो आहे आणि हाँगकाँगच्या पोलीस ठाण्यांतही त्याचं देवघर असतं. एकच देव दोघांचा. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला आपल्याकडच्या ठाण्यासमोरच्या मारुतीची आठवण झाली, तिथं शिपाईही नारळ फोडतो आणि जामिनावर सुटलेलाही.

तिथल्या कायद्यानं मात्र त्या शपथेलाच हात घातला. मी ट्रायडचा आहे एवढं म्हणणंसुद्धा गुन्हा आहे, कारण त्या नावाच्या भीतीवरच वसुली चालायची. आणि १९७४ ला लाचलुचपतीसाठी पोलिसांपासून पूर्ण वेगळा आयोग केला, कारण तोवर ठाणीच्या ठाणी हप्त्यावर होती.

चंद्रपूर_ग्रामीण

फार लिहिता येत नाही, पण लिहितो. माझा मावसभाऊ थायलंडला डेटा एंट्रीची नोकरी म्हणून गेला आणि सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडीला पोहोचला. नदी ओलांडून नेलं, पासपोर्ट घेतला. मार्च २०२५ मध्ये वायुसेनेच्या विमानांनी ५४९ भारतीयांना परत आणलं, त्यात आला.

तो सांगते, टोळीचा मालक चिनी, त्याला लाओबान म्हणायचं. पण खालच्या मजल्यावर चिनी पोरंही होती, यांच्यासारखीच फसवून आणलेली. त्यांना आणणारा बहुतेक गावचाच कोणीतरी, शाळासोबती नाहीतर चुलतभाऊ. एका चिनी पोराला टार्गेट झालं नाही म्हणून सगळ्यांपुढं गुडघ्यावर बसवलं आणि व्हिडिओ काढून त्याच्या घरी पाठवला. माझ्या भावाला मार आठवत नाही तेवढा तो पोरगा आठवते.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ ला म्हटलं होतं की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोक असे अडकवले आहेत. भाऊ अजून फोनची रिंग वाजली की उठून उभा राहते.

डॉक्टर_पुसदकडचा

भाऊ, त्याला माझ्याकडे घेऊन या, किंवा चंद्रपूरला जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. ते उठून उभं राहणं उपचारानं कमी होतं.

ताई, वरचे कधीच सापडत नाहीत असं नाही. म्यानमारच्या कोकांग भागातली चार घराणी याच धंद्यावर राज्य करत होती. चीननं २०२३ मध्ये तिथल्या सत्तेवर दाब आणला आणि नोव्हेंबरअखेर उत्तर म्यानमारमधून ३१ हजार संशयित चीनच्या ताब्यात आले. त्यातल्या मिंग घराण्याच्या टोळीतल्या ११ जणांना सप्टेंबर २०२५ मध्ये वनचौच्या कोर्टानं फाशी सुनावली. तिथवर पोहोचायला पुरावा कुठून आला असेल? खालून. कोणाचं खातं, कोणी नेऊन दिलं, कोणाला दिलं.

हवालदारकाका

ताई, आता कामाचं. पोट्ट्याला पळू देऊ नका आणि पकडून आणायची वेळही येऊ देऊ नका. स्वतःहून हजर करा. आपल्याकडे मोक्का १९९९ पासून आहे आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारीत सायबर गुन्हेही धरले आहेत. कलम जड आहे. तो कोणत्या पायरीवर होता हे पहिल्या जबाबातच नीट आलं पाहिजे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, मोफत मिळते. मोबाइलमधलं काही पुसू नका. म्हातारीच्या होल्डसाठी बँकेला वेगळा अर्ज आणि तपास अधिकाऱ्याचं पत्र, पोच घेऊन.

पऱ्हाटी_आर्णी

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. पहिल्या पोस्टमध्ये एक गोष्ट लिहिली नव्हती. तो पोट्टा माझ्या चुलत जावेचा. मला काकू म्हणाला ते त्यामुळं. मी ठाण्यात तोंडी सांगितलं होतं, पण त्याच्या नावानं लेखी रिपोर्ट अकरा दिवस दिला नाही. म्हातारी दारापुढून जायची तेव्हा मी आतल्या खोलीत जायची.

काल रात्री जेवणं झाल्यावर जावेकडं गेले. डॉक्टर साहेबांचं सगळं तिला सांगितलं नाही, फक्त चंद्रपूरच्या भावानं लिहिलेलं वाचून दाखवलं. पोट्टा भिंतीला टेकून बसला होता. वरच्याचं नाव विचारलं तर पुन्हा गप्प. त्याचे वडील म्हणाले, तुझ्या जिभेवर नसेल तर राहू दे. आणि जाऊ उठली. देवघराखालच्या पेटीतून लग्नाची वही काढली, हळदीकुंकवाची बोटं लागलेली. पान उलटत गेली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, मोबाइल नंबर, रोख वीस हजार. ती ओळही पोट्ट्याच्याच अक्षरात आहे. मांडवात आहेर लिहायला त्यालाच बसवलं होतं.

तो खूप वेळ रडला. मग म्हणाला, उद्या येतो.

सकाळी सातच्या एसटीनं मी, तो आणि त्याचे वडील निघतो आहोत. म्हातारीचा अर्जही सोबत घेतला आहे. काका, एक विचारायचं राहिलं. खात्यांची वही देतेच आहे, पण आहेराची वही मूळ द्यावी लागेल का?

हवालदारकाका

मूळच द्यावी लागेल, पंचनामा करून घेतील. त्याआधी स्टँडजवळ प्रत्येक पानाची झेरॉक्स काढा, नुसती त्या ओळीची नको.

पऱ्हाटी_आर्णी

बरं झालं विचारलं. जाऊ तेच म्हणत होती. दीडशे घरांचं लिहिलेलं आहे त्यात, आणि येत्या उन्हाळ्यात सात लग्नं आहेत.